चोवीस तास सगळ्यांना सारखे नसतात

वाचक भगिनीचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

"ताई, सलाम. मी अहिल्यानगरमध्ये एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. वय ३९. मिस्टर एमआयडीसीत, त्यांनाही शिफ्ट असते. मुलगा दहावीला, मुलगी पाचवीला. सासूबाईंना गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून त्यांचं सगळं अंथरुणावरच करावं लागतं, बोलणंही गेलंय. चर्चमध्ये मी महिला मंडळाची चिटणीस आहे, संडेस्कूलचा एक वर्गही घेते.

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत पाळकसाहेबांनी सांगितलं, देवाने सगळ्यांना दिवसाची १४४० मिनिटं सारखीच दिलीत आणि एका-एका मिनिटाचा तो हिशोब मागणार आहे. त्यांनी चाकरांचा दृष्टांत घेतला होता. त्या दिवसापासून माझी झोप उडाली आहे. वर्षभरात बायबल पूर्ण वाचायचा संकल्प केला होता, तो लेवीयच्या पुस्तकातच अडकला. प्रार्थनेला बसले की डोळा लागतो. सासूबाईंना भरवायला पाऊण तास जातो, तेव्हा मनातून चिडचिड होते आणि मग त्याचंच वाईट वाटतं. आणि रात्री सगळे झोपले की मी पाच मिनिटं म्हणून मोबाइल हातात घेते, रील्स बघता बघता बारा वाजतात. देव घड्याळ घेऊन माझ्यापुढे उभा आहे असं वाटतं. मला एक वेळापत्रक आखून द्याल का?"

प्रिय भगिनी,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

वेळापत्रक मी देणार नाही, हे आधीच सांगते. मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट असं फिरतं रोस्टर ज्या बाईच्या मागे आहे, तिने "पहाटे पाच वाजता एक तास प्रार्थना" असा कागद भिंतीला लावला, तर नाइट करून ती आठ वाजता घरी येईल तेव्हा तो कागद तिला नापास करूनच मोकळा झालेला असेल. तसले शेरे तुम्ही स्वतःला पुष्कळ मारून घेतलेत.

पाळकसाहेबांचा उपदेश मी ऐकलेला नाही. तुमच्या मनात तो जसा उतरला, तेवढाच माझ्यापुढे आहे. वेळ ही देवाची देणगी आहे आणि तिचा हिशोब द्यायचा आहे, हे मीही मानते. पण ज्या दृष्टांतावरून तुम्ही घाबरलात, तोच पुन्हा उघडून सावकाश वाचा. मत्तय, अध्याय २५. मालक परदेशी जाताना चाकरांजवळ आपलं धन सोपवतो. पहिल्याला पाच, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. सारखं नाही! आणि हे वाटप ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे आहे, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. पहिले दोघे आपापलं धन दुप्पट करतात. पुढे मालक परत येतो तेव्हा पाचवाल्याला जी शाबासकी देतो, तीच दोनवाल्यालाही देतो. दोघांना एकच वाक्य, एका अक्षराचाही फरक नाही. तू तीन कमी का आणलेस, असं दोनवाल्याला तो विचारत नाही.

म्हणून "सगळ्यांना चोवीस तास सारखेच मिळतात" हे वाक्य मला पटत नाही. व्यासपीठावरून ते फार वेळा म्हटलं जातं आणि ते ऐकून ज्यांच्या खांद्यावर आधीच सगळं आहे, त्याच बायका आणखी वाकतात. तुमची ड्युटी आठ तासांची, पण हँडओव्हर देऊन निघेपर्यंत नऊ होतात. नाइट असली की दिवसा झोप काढावी लागते, आणि दिवसा आपल्या घरात कुणाला सलग झोपू देतात? सासूबाईंना बेडसोर होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, हे तुम्हाला मी सांगायला नको. ते करणाऱ्या बाईच्या हातात दोन तासांचा सलग तुकडा उरतच नाही. निवृत्त झालेल्या, घरी सून असलेल्या गृहस्थाचे चोवीस तास आणि तुमचे चोवीस तास घड्याळात तेवढे सारखे. देवाला हा फरक कळतो. वाटप त्यानेच केलंय.

त्या दृष्टांतातला तिसरा चाकर मात्र नीट बघा. त्याने धन उधळलं नव्हतं. त्याने ते पुरून ठेवलं, आणि कारण काय दिलं? तुम्ही कठोर आहात हे मला ठाऊक होतं, म्हणून मी भ्यालो. मालकाबद्दलची ही भीती त्याला नडली. घड्याळ घेऊन उभा असलेला देव तुम्ही पत्रात रंगवलाय, तो त्या तिसऱ्या चाकराच्या मनातला मालक आहे. येशूने दाखवलेला पिता तो नव्हे. या भीतीने तुमच्या हातून जास्त काम होणार नाही. झोप तेवढी जाईल. गेलीच आहे.

आता मार्ककृत शुभवर्तमानाचा पहिलाच अध्याय घ्या. नर्सबाईंनी तो वाचायलाच हवा, असं मला फार वाटतं. कफर्णहूम गावात संध्याकाळी सूर्य मावळल्यावर लोक सगळे आजारी घेऊन आले, सारं गाव दाराशी लोटलं. येशूने पुष्कळांना बरं केलं. दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच तो उठला आणि एकांतात जाऊन प्रार्थना करत बसला. शिमोन आणि बाकीचे शिष्य त्याला शोधत आले. सगळे तुमचा शोध करताहेत, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे सकाळी दारात पुन्हा रांग लागलेली होती. तुमच्या ओपीडीत सकाळी असते तशीच समजा. आणि येशू काय म्हणाला? चला, आपण आसपासच्या दुसऱ्या गावांना जाऊ, तिथेही मला संदेश द्यायचाय, मी त्यासाठीच आलोय.

रांगेतली माणसं खरी होती, त्यांचं दुखणं खरं होतं, आणि बरं करायचं सामर्थ्य त्याच्यात होतं. तरी तो निघाला. ही गोष्ट मला पूर्वी अवघड वाटे, आता तीच फार आधाराची वाटते. देवाचा पुत्र देहात आला तेव्हा त्यानेही दिवसाची मर्यादा स्वीकारली. जवळजवळ तीस वर्षांचा होईपर्यंत तो नासरेथात सुतार म्हणून राहिला, त्या काळाची कुणाला फारशी खबर नाही. सगळ्यांची सगळी गरज त्याने त्या दिवशी भागवली नाही. पित्याने जे काम दिलं होतं, ते मात्र पुरतं केलं. समोर गरज दिसली म्हणजे ते काम आपलंच, असा नियम त्याने स्वतःला लावला नाही. तुम्ही तो स्वतःला का लावून घेता?

तेव्हा पहिलं काम: चिटणीसपद सोडा. ईस्टरच्या आत.

मला ठाऊक आहे, तुम्ही म्हणाल की दुसरं कुणी तयार होत नाही. महिला मंडळाच्या चिटणीसबाईला काय काय करावं लागतं ते मी जवळून पाहिलंय. सभेचा वृत्तांत, वर्गणीच्या पावत्या, कुणाकडे घरगुती प्रार्थना आहे त्याचे फोन, नाताळच्या कार्यक्रमाला कुणी किती करंज्या आणायच्या ती यादी, आणि वर रुसवेफुगवे. पद रिकामं झाल्याशिवाय दुसरी कुणी पुढे येत नाही, हे मात्र मंडळामंडळांतून दिसतं. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे न्यायनिवाडे करत बसायचा, तेव्हा त्याचा सासरा इथ्रो त्याला म्हणाला, तू करतोस हे काही बरं नाही, अशाने तू झिजून जाशील आणि लोकही. जावयाने सासऱ्याचं ऐकलं, ते पवित्र शास्त्रात नोंदलं गेलं.

आणि तुमच्याच जिल्ह्यातलं जामखेड बघा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य १९७० मध्ये तिथे आलं. शिकलेल्या माणसांनीच करायचं असं ज्या कामाबद्दल सगळे धरून चालले होते, ते काम त्यांनी गावातल्या बायकांच्या हाती दिलं. त्यांतल्या कित्येकींना लिहितावाचता येत नव्हतं. बाळंतपण सुखरूप कसं करायचं, जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, हे त्या शिकल्या आणि गावोगाव करू लागल्या. ही कामं डॉक्टरांनी आपल्याच हातात ठेवली असती, तर डॉक्टर थकले असते आणि त्या बायकांना आपण काय करू शकतो हे कधीच कळलं नसतं. तुमच्या मंडळातही अशी कुणीतरी मागच्या बाकावर बसलेली आहे. तिच्या वाट्याची सेवा तुम्ही अडवून ठेवू नका.

संडेस्कूल सोडायला मी सांगत नाही. पत्रात त्या वर्गाबद्दल तुमची तक्रार एका शब्दाचीही नाही, म्हणून. पण रविवारी ड्युटी लागेल तेव्हा वर्ग घ्यायला जोडीदारीण शोधा. आणि ड्युटीमुळे उपासना चुकली याचं पाप मनाला लावून घेऊ नका. शब्बाथ दिवशी, म्हणजे विसाव्याच्या दिवशी, आजाऱ्याला बरं करावं की नाही, हा वाद प्रभूनेच निकालात काढलाय.

घरात काय? मिस्टरांबद्दल तुम्ही "त्यांनाही शिफ्ट असते" एवढंच लिहिलंय. त्यांच्या आईची रात्रीची एक कूस त्यांनी बदलावी, आणि ज्या आठवड्यात त्यांची सेकंड शिफ्ट असेल त्या आठवड्यात सकाळचं भरवणं त्यांनी करावं. त्या त्यांच्या आई आहेत. तुम्ही नर्स आहात म्हणून घरातलं आजारपण आपोआप तुमच्याकडे आलं, त्यावर कुणी बसून बोललंच नाही, असं मला दिसतंय. बोला. चिडून नको, जेवणं झाल्यावर, रोस्टर समोर ठेवून. मुलाची परीक्षा संपू द्या, मग आजीला सकाळचा चहा तो देईल. दहावीच्या पोराला आजीच्या तोंडाला चमचा लावता येतो.

आता झोपेविषयी. प्रार्थनेला बसल्यावर डोळा लागतो, याची तुम्हाला लाज वाटते. एलीया संदेष्ट्याची गोष्ट आठवा. ईजबेल राणीच्या धाकाने पळून तो अरण्यात गेला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला, पुरे झालं, आता माझा प्राण घे. इतका मोठा देवाचा माणूस, आणि मरण मागतो! देवाने त्याला काय दिलं? उपदेश दिला नाही. हिशोब मागितला नाही. आधी झोपू दिलं. मग देवदूताने त्याला स्पर्श करून उठवलं, तर उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. खाऊन तो पुन्हा झोपला. दूताने पुन्हा उठवलं, पुन्हा खायला लावलं, कारण पुढची वाट तुला फार होईल, असं तो म्हणाला. पुढे होरेब पर्वतावर देवाची मंद वाणी एलीयाने ऐकली, पण दोन झोपा आणि दोन जेवणं झाल्यानंतर.

नाइट ड्युटी करून आल्यावर तुम्ही झोपता, ती देवाच्या वेळातून केलेली चोरी नव्हे. वॉर्डात तुमच्या हातात इंजेक्शनचा डोस असतो. तारवटलेल्या डोळ्यांनी चूक झाली तर ती कुणाच्या जिवावर बेतेल, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. झोपा. प्रार्थना मॉर्निंगला जाताना रिक्षात करा, सलाइनचे थेंब मोजताना त्या पेशंटचं नाव घेऊन करा. साप्ताहिक सुट्टी ज्या वारी येईल, तो तुमचा शब्बाथ. त्या दिवशी सगळे कपडे धुवायचे, डबे घासायचे, मंडळाची कामं उरकायची, असं करून दुसरी ड्युटी लावून घेऊ नका. निदान अर्धा दिवस तरी हात पूर्ण रिकामे ठेवा. विसाव्याची आज्ञा देताना देवाने दास आणि दासी यांनाही आठवणीने धरलंय.

मोबाइलचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. तुम्ही स्वतःच ते पत्रात शेवटी, घाईघाईने लिहिलंय, म्हणजे सल तिथेच आहे. रात्री साडेदहाला घर शांत होतं तेव्हा दिवसभरात पहिल्यांदा तुम्हाला कुणी "सिस्टर", "मम्मी", "अहो" म्हणून हाक मारत नाही. तो वेळ आपला असावा, ही तुमची गरज अगदी खरी आहे आणि तिच्यात पाप नाही. पण रील्सने ती गरज भागत नाही. दीड तासाने तुम्ही मोबाइल ठेवता तेव्हा विसावा मिळालेला असतो का? काय काय पाहिलं, त्यातलं काही आठवतं का? एक संपायच्या आत दुसरी सुरू व्हावी, अशीच ती रचना आहे. थकलेल्या माणसाच्या निग्रहावर तिथे काही सोडायचं नसतं. म्हणून निग्रह करू नका, सोय करा. मोबाइल चार्जिंगला बाहेरच्या खोलीत लावा, हॉस्पिटलचा फोन आला तर रिंग आतपर्यंत ऐकू येतेच. उठायला साधं गजराचं घड्याळ आणा. मोबाइलच्या सेटिंगमध्ये एखाद्या ॲपला दिवसाची मर्यादा घालता येते, ती मुलाकडून लावून घ्या. त्याच्यासमोर लावून घेतलीत तर बरंच, परीक्षेच्या दिवसांत त्यालाही तिची गरज असेल.

आणि तो मोकळा वेळ काढून टाकू नका, अलीकडे आणा. संध्याकाळी अर्धा तास. घरात सांगून घेतलेला, उजळ माथ्याने. गच्चीवर चहाचा कप घेऊन बसा, माहेरी फोन लावा, एखादं भजन म्हणा, नाहीतर काहीच करू नका. त्या अर्ध्या तासात तुम्हाला कुणी हाक मारायची नाही. असा वेळ दिवसाउजेडी मिळाला, तर रात्री तो चोरून घ्यावा लागणार नाही.

वाचनाचा संकल्प मोडला, म्हणता. पवित्र शास्त्राचे ११८९ अध्याय, रोजचे तीन-चार. लेवीयच्या पुस्तकात होमबलीचे आणि त्वचारोगाचे नियम येतात, तिथे फेब्रुवारीत निम्मी मंडळी थांबते. पंडिता रमाबाईंनी निराधार बायकांसाठीच्या मुक्ती मिशनचा एवढा मोठा पसारा सांभाळत, इब्री आणि ग्रीक शिकून मराठीत पवित्र शास्त्राचं भाषांतर केलं. पंधराहून अधिक वर्षं त्यांनी त्याला दिली. १९२२ मध्ये त्या वारल्या, ग्रंथ केडगावच्या छापखान्यातून १९२४ मध्ये बाहेर आला. त्यांनी छापील ग्रंथ पाहिला नाही, म्हणून त्यांची वर्षं वाया गेली असं आपल्यापैकी कुणी म्हणणार नाही. मग तुम्ही बारा महिन्यांच्या तक्त्याशी का झटापट करता? तो तक्ता काढून ठेवा. मार्ककृत शुभवर्तमान घ्या, सोळाच अध्याय आहेत. एका बैठकीत अर्धं पान झालं तरी चालेल, पण त्यातलं एक वाक्य ड्युटीवर बरोबर न्या.

राहिला सासूबाईंचा पाऊण तास. मार्कच्या पाचव्या अध्यायात याईर नावाच्या सभास्थानाच्या अधिकाऱ्याची लेक मरणाच्या दारात आहे, येशू तिच्याकडे घाईने निघालाय, आणि वाटेत बारा वर्षं रक्तस्राव होणारी एक बाई त्याच्या वस्त्राला शिवते. तिथेच तो थांबतो. ती बरी झालीच होती, तो पुढे जाऊ शकला असता. पण तिने आपली सारी हकिकत सांगेपर्यंत तो थांबला. बारा वर्षांची हकिकत! याईरच्या पोटात काय कालवाकालव झाली असेल! येशूच्या लेखी त्या घटकेला ती बाई हेच काम होतं. अर्धांगवायूच्या माणसाला घास सावकाशच द्यावा लागतो, घाई केली तर ठसका लागतो आणि अन्न श्वासनलिकेत जातं, हे तुम्ही नातेवाइकांना वॉर्डात शिकवता. घरी तेच करताना मनात पुढची पाच कामं उभी असतात म्हणून चिडचिड होते. वरची कामं थोडी हलली, की ती कमी होईल. होईल तेवढी. पुरती जाणार नाही, आणि त्या उरलेल्या चिडीसाठी रोज क्षमा मागायला मोकळीक आहे.

आणखी एक सुचवते. तुमच्या घरात तुमच्यापाशी वेळ नाही आणि सासूबाईंपाशी वेळाशिवाय काही उरलेलं नाही. त्यांचेही दिवस देवानेच दिलेत, पण त्यांना कुणी काही काम सांगत नाही. मंडळाच्या प्रार्थना-विनंत्यांची वही सध्या तुमच्याकडे असेल. नव्या चिटणीसबाईंना ती देण्याआधी त्यातली नावं मोठ्या अक्षरांत उतरून काढा. कुणाचं ऑपरेशन आहे, कुणाच्या मुलाला नोकरी नाही, कुणाच्या घरी वाद चाललाय. रोज भरवून झालं, तोंड पुसलं, की त्यातली दोन नावं सासूबाईंना वाचून दाखवा आणि सांगा, आई, आज यांच्यासाठी प्रार्थना करा. वाचा गेली तरी माणसाला प्रार्थना करता येते. ऑपरेशन नीट झालं, नोकरी लागली, की तेही त्यांना येऊन सांगा.

प्रभूत तुमची,
ताई